जॅकीला तिथं काय घालत होते?

आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या रजिस्टरात मांजराला रकाना नव्हता. गाय, बैल, म्हैस, शेळी-मेंढी, कोंबडी, कुत्रा आणि सगळ्यात शेवटी 'इतर'. मांजर आलं की ते 'इतर'मध्ये जायचं. माझ्या नोकरीत त्या रकान्यात दोन ससे, एक पोपट आणि खेळवाल्याचं एक माकडही जाऊन बसलं. बाकी सगळी मांजरंच.

मी डॉक्टर नव्हे. घोडेगावात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. गाई कृत्रिम रेतनानं भरवणं, लाळ्या-खुरकताच्या लशी टोचणं, गोऱ्हे बडवून खच्ची करणं, जंताचं औषध पाजणं ही माझी कामं. लोक मात्र मला डॉक्टरच म्हणायचे. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो, पुढं सोडून दिलं. आकड्यांची दुरुस्ती मात्र कधी सोडली नाही. अठ्ठेचाळीस जनावरांना लस टोचली असेल तर पन्नास लिहायचं नाही, हा माझा हट्ट होता. सहकारी हसायचे. त्या हट्टाचा मला अभिमान होता, म्हणून आधीच सांगून ठेवतो. पुढं त्याचा संबंध येणार आहे.

कुत्र्या-मांजरांच्या भानगडीत मी पडलो तो बिबट्यामुळं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्या जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबटे दिसायला लागले. अंगणात बांधलेलं कुत्रं सकाळी नसायचं, नुसती साखळी असायची. मग लोक रात्री कुत्रं घरात घ्यायला लागले. आता घरात धान्याच्या कणग्या, कणग्यांमुळं उंदीर आणि उंदरांमुळं मांजर आधीपासून असतंच. मांजराला ही नवी वस्ती मंजूर नसायची.

ओझरच्या बाजूचे सदूभाऊ एकदा सायकल मारत दवाखान्यात आले. त्यांच्या घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस. बिबट्यानं त्यांची दोन कुत्री नेली होती, म्हणून तिसरं त्यांनी घरात घेतलं होतं.

"डॉक्टर, कुत्रं घरात आलं तसं मांजर माळ्यावर गेलं," ते म्हणाले. "मांजर माळ्यावर गेलं तसं उंदीर खाली आलं. आता मी कुठं जाऊ, त्येवढं सांगा."

"मांजर कधीपासून वर आहे?"

"आठ दिस झालं. म्हातारी शिडीवर चढून दूध देती. कालच्याला म्हातारी पडता पडता वाचली. बायको म्हणती, कुत्रं जाईल न्हाई तर मी जाईन. बिबट्याला सांगितलं तर त्यो बी म्हणंल, तुमचं मिटवा आधी, मग येतो."

त्यांना मी जे सांगितलं ते मी आधी स्वतःच्या घरी चुकून शिकलो होतो. आमच्याकडं मांजर असताना मी एक पिल्लू आणलं आणि ओळख व्हावी म्हणून मांजर उचलून थेट त्याच्या नाकापुढं धरलं. पिल्लाचं नाक फाटलं, माझं मनगट फाटलं आणि मांजर शेजाऱ्यांकडं निघून गेलं. अठरा दिवस ते तिथं राहिलं. आमची मंडळी म्हणाली, "कुत्रं आणताना मला विचारलं नाही ते नाही, निदान मांजराला तरी विचारायचं होतं." त्या अठरा दिवसांत मी एक वही घातली.

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला हसण्यासारखी वाटते, म्हणून नीट सांगतो. बांधायचं ते कुत्र्याला, मांजराला नाही. लोक नेमकं उलटं करतात. मांजर टोपलीखाली झाकतात आणि कुत्र्याला भोवती फिरू देतात. मांजराला पळायची वाट आणि बसायला उंच जागा असली तरच ते थांबून बघतं. तोंडं दिसण्याआधी वास ओळखीचा व्हायला हवा, म्हणून पहिले तीन दिवस कुत्र्याच्या अंगाखालचं पोतं मांजराच्या जागेवर टाकायचं आणि मांजराचं फडकं कुत्र्याकडं. चौथ्या दिवशी वीस हातांवरून पाच मिनिटं एकमेकांना दाखवायचं. मग रोज तीन हात कमी करायचे. दहाव्या दिवशी अंतर दोन हात होतं. त्या अंतरावर कुत्र्यानं मांजराकडं बघितलं आणि आपण हाक मारल्यावर तोंड आपल्याकडं फिरवलं, असं तीनपैकी तीनदा झालं, तर दोर हातातून सोडायचा, पण गळ्यात राहू द्यायचा. दोन दिवसांनी गळ्यातूनही काढायचा.

वहीत रकाने आखले होते: दिवस, अंतर, मिनिटं, कुत्रा, मांजर. शेवटी एक अरुंद रकाना, 'बिघडल्यास कारण'. सदूभाऊंच्या घरी तेराव्या दिवशी मांजर खाली आलं. पुढं आणखी घरं झाली. माझ्या वहीत एकूण सतरा घरं आहेत. पंधरा ठिकाणी जमलं. एका ठिकाणचं मांजर कायमचं निघून गेलं, कारण घरातल्या पोरांनी दहा दिवसांचं काम तीन दिवसांत उरकलं. ते कारण वहीत लिहिलेलं आहे. उरलेल्या एका घराबद्दल मी हे लिहायला बसलोय.

ते घर कांतिशेठचं. घोडेगावच्या बाजारात त्यांचं धान्याचं आणि किराण्याचं दुकान, मागं घर, घरामागं मोकळं अंगण आणि अंगणापलीकडं गोडाऊन. राजस्थानातून त्यांचे आजोबा आले, तेव्हापासून ही माणसं इथलीच. घर जैन. घरात हुकूम चालायचा तो कांतिशेठच्या आईचा. धापूबाई त्यांचं नाव. सत्तरी ओलांडलेली, शेलाटी, पांढरं लुगडं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पाणी विचारणारी बाई. सूर्य बुडाला की त्यांच्या घरातली चूल बंद. दिवेलागणीनंतर त्या पाण्याचा थेंबही घेत नसत.

धापूबाईंची एक मांजर होती. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, म्हणून कबरी. ती कुणी आणली नव्हती, आपण होऊन आली होती. सकाळी धापूबाई पडवीत सामायिकाला बसत. म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी, न उठता, नामस्मरण. समोर वाळूचं घड्याळ असे. कबरी त्या घड्याळाशेजारी बसून वाळू पडताना बघत बसायची. वाळू संपली की दोघी उठायच्या.

धापूबाईंनी कबरीच्या गळ्यात एक घुंगरू बांधलं होतं. शोभेला नव्हे. उंदरांना आधी कळावं म्हणून.

कांतिशेठ कपाळाला हात लावायचे. "डॉक्टर, मी धान्याचा व्यापारी. घरात मांजर आहे, आणि तिच्या गळ्यात उंदरांसाठी भोंगा. सांगा, मी काय करू?"

आतून धापूबाई म्हणायच्या, "उंदरानं तुझं किती खाल्लं रे? तुझ्यापेक्षा कमीच."

पुढं गोडाऊनचा पत्रा दोनदा उचकटला गेला. कांतिशेठनी मला सांगितलं, एक चांगलं राखणीचं कुत्रं बघा. धापूबाईंची अट एकच होती: कबरीला त्रास होता कामा नये. मी म्हणालो, "बाई, माझी दहा दिवसांची रीत आहे. जबाबदारी माझी."

कुत्रं मीच निवडलं. पुणे-नाशिक रस्त्यावर पेठला एक ढाबा होता, त्याच्या मालकाला मी ओळखत होतो. त्याच्याकडं तीन वर्षांचं, तांबड्या रंगाचं, रुंद छातीचं कुत्रं होतं, जॅकी. मालकाला ढाबा वाढवायचा होता, कुत्रं नकोसं झालं होतं.

"लई गुणी हाय बघा," मालक म्हणाला. "गिऱ्हाईकावर भुंकत न्हाई, चोराला सोडत न्हाई. फकस्त खायला त्याला हाडूक लागतं. भाकरी टाकली तर नुसतं हुंगून बसतंय. कुठं चाललंय म्हणायचं हे?"

"घोडेगावला. शेठच्या घरी."

तो मोठ्यानं हसला. "मंग संपलंच की राव! पावणं आता माळकरी व्हणार म्हणा!"

मीही हसलो. बाजेवर बसून त्याचा चहा प्यालो आणि मनातल्या मनात हिशेब केला. खेड्यातली निम्मी कुत्री दूध-भाकरीवरच जगतात. आठ-दहा दिवसांत सवय होईल. कुत्र्याला सवय होतेच. हा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. पण तो मी कांतिशेठना सांगायला हवा होता, आणि त्यांच्यापेक्षाही आधी धापूबाईंना. मी सांगितला नाही.

का नाही, ते सांगतो, पण ती सबब समजू नका. त्या घरात मी कांद्या-लसणाचं नाव घ्यायचं झालं तरी आवाज खाली करायचो. पांढऱ्या लुगड्यातली ती बाई समोर पाण्याचा तांब्या ठेवून बसलेली असताना 'हाडं' हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. आपल्याकडं दुसऱ्याच्या घराचा मान राखायची ही एक रीत आहे: त्यांना न रुचणारी गोष्ट त्यांच्या उंबऱ्याच्या आत बोलायची नाही. मी ती रीत पाळली. आणि खरं सांगायचं तर, बोललो असतो तर त्यांनी कुत्रं परत पाठवलं असतं आणि माझी निवड चुकली असं ठरलं असतं, हेही होतंच.

काम सुरू झालं. अंगणात मी चुन्यानं खुणा केल्या. वीस हात, सतरा, चौदा, अकरा. धापूबाईंना त्यात फार रस. मिनिटं मोजायला त्यांनी आपलं वाळूचं घड्याळ आणलं. मी म्हणालो, "बाई, हे अठ्ठेचाळीस मिनिटांचं, आपल्याला पाचच हवीत." त्या म्हणाल्या, "मग थोडीच वाळू पडू देऊ. घड्याळाला काय कळतंय?" माझ्या मनगटी घड्याळावरून त्यांनी काचेवर कुंकवाची बारीक रेघ ओढली. ती पाच मिनिटांची खूण. मी नंतर तपासली, पंधरा सेकंदांचा फरक निघाला.

चौथ्या दिवशी घुंगरू वाजलं की जॅकी ताठ व्हायचा, कान उभे करायचा. आवाज त्याला चेतवत होता. मी म्हणालो, "बाई, हे घुंगरू तेवढे दिवस काढून ठेवा." त्यांनी लगेच काढलं नाही. कबरीला मांडीवर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "काढते. पण चौदा दिवस झाले की परत बांधणार. तेवढ्यात तिनं कुणाचा जीव घेतला तर तो तुमच्या माथी, डॉक्टर." आम्ही दोघंही हसलो.

पाचव्या दिवशीही जॅकीनं दूध-भाकरीला तोंड लावलं नाही. सूर्यास्ताच्या आत त्याच्यापुढं ताटली ठेवली जायची आणि अंधार पडायच्या आत उचलली जायची.

"खात का नाय हा?" धापूबाईंनी मला विचारलं.

तेव्हा सांगायला जागा होती. मी म्हणालो, "जागा नवी आहे. खाईल."

रात्री तो केविलवाणा आवाज काढायचा. सूनबाई म्हणाल्या, "एखादी भाकरी टाकू का?" धापूबाई म्हणाल्या, "सूर्य बुडाल्यावर या घरात ताट नाही. माणसाला नाही, जनावरालाही नाही. सवय होईल." हे मला दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी सांगितलं. सातव्या दिवसापासून तो निम्मं खायला लागला. मी वहीत लिहिलं: 'खाणं निम्मं'. शब्द खरा होता. पण निम्मंच का, हे मी लिहिलं नाही.

दहाव्या दिवशी अंतर दोन हात. तीनदा हाक मारली, तीनदा जॅकीनं कबरीकडून तोंड फिरवून माझ्याकडं बघितलं. कबरी तर खांबाला टेकून पंजा चाटत होती. कांतिशेठनी मला पेढा दिला. बाराव्या दिवसाच्या संध्याकाळी दोर काढला. तेरावा दिवस चांगला गेला.

चौदाव्या दिवशी सकाळी सातला शेठचा नोकर दवाखान्याच्या क्वार्टरवर धावत आला.

झालं ते असं. धापूबाई सामायिकाला बसल्या होत्या. जॅकी अंगणात पडला होता. गोडाऊनच्या बाजूनं कबरी आली, आणि तिच्या तोंडात उंदीर होता. घुंगरू नव्हतं ना. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा तिला उंदीर मिळाला होता. जॅकीनं झेप घेतली ती उंदरावर. कबरीनं उंदीर सोडला असता तर कदाचित वाचली असती. तिनं सोडला नाही.

माझ्या रीतीतलं भोक तेव्हा मला दिसलं. मी कुत्र्याला मांजर दाखवली ती रिकाम्या तोंडाची. तोंडात शिकार असलेली मांजर हे कुत्र्याच्या लेखी वेगळंच जनावर. आणि तीन वर्षं हाडांवर वाढलेल्या, पंधरवडाभर अर्धपोटी राहिलेल्या कुत्र्याला त्या वेळी मांजर दिसलीच नसणार. फक्त वास आला असणार.

मी गेलो तेव्हा वाळूचं घड्याळ आडवं पडलेलं होतं, वरच्या भांड्यात निम्मी वाळू तशीच. धापूबाईंच्या लुगड्याला रक्त. त्यांनी स्वतःच्या हातांनी कुत्र्याचा जबडा ओढून सोडवला होता.

"मी उठले, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत अर्ध्यावरून कधी उठले नव्हते. आज उठले. तरी उशीर झाला."

कबरीचे मागचे दोन्ही पाय हलत नव्हते. कमरेच्या मणक्यात दात गेले होते. आमच्याकडच्या सुया गाई-म्हशींच्या. सगळ्यात बारीक निवडली, मात्रा वजनावरून काढली, तीनदा पडताळली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तोवर धापूबाई तिच्याजवळून हलल्या नाहीत. चमच्यानं दूध पाजायच्या. निम्मं जायचं, निम्मं ओघळायचं. गोडाऊनमागं खड्डा केला. घुंगरू त्यांनी आत ठेवलं नाही, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलं.

हात धुऊन मी पडवीत बसलो, तेव्हा त्यांनी मला विचारलं. आवाजात राग नव्हता.

"डॉक्टर, या जॅकीला तिथं काय घालत होते, तुमाला ठाऊक होतं?"

तोवरच्या सगळ्या घरांत, कित्येक हजार जनावरांच्या नोंदींत मी एक आकडा कधी खोटा लिहिला नव्हता. त्या बाईकडं बघून मी म्हणालो, "भाकरी-बिकरीच घालत असतील, बाई. ढाब्यावरचं उरलंसुरलं."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग दोष माझाच. भाकरी खाणारं जनावर, म्हणजे सरळ भूकच ती. रात्री ते रडत होतं आणि मी ताट दिलं नाही. मुक्या जिवाला माझ्या घरी भूक लागली, आणि त्यात कबरी गेली."

मी तेव्हाही बोलू शकलो असतो. कांतिशेठ शेजारी उभे होते. सूनबाई दारात होत्या. मी चपला घातल्या.

कुत्रं पेठला परत गेलं. ढाब्याचा मालक म्हणाला, "म्या म्हनलं व्हतं न्हवं?" आणि त्यानं त्याला हाडूक टाकलं. मी तिथून लगेच निघालो.

महिन्याभरानं किराणा आणायला गेलो, तेव्हा सूनबाईंकडून कळलं की धापूबाईंनी दुधाचा नियम घेतलाय. दूध, दही, ताक, तूप, सगळं सोडलं. मरेपर्यंत. 'माझ्या घरी एक जीव उपाशी राहिला, मग मला दूध कशाला?' असं म्हणाल्या होत्या.

त्यानंतर त्या नऊ वर्षं जगल्या. मी महिन्यातून एकदा तरी त्या दुकानात जायचो. दरवेळी त्या आतून सांगायच्या, "डॉक्टरांना चहा द्या, दूध जास्त घाला." माझ्यापुढं दाट दुधाचा चहा यायचा आणि त्या शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसायच्या, माझ्या मुलांची चौकशी करायच्या. महिन्याला एक म्हटलं तरी शंभरावर कप झाले. प्रत्येक कप मी संपवला. ठेवला असता तर त्यांनी कारण विचारलं असतं.

शेवटच्या आजारात सरकारी डॉक्टरांनी त्यांना दूध घ्यायला सांगितलं होतं. त्यांनी घेतलं नाही. कांतिशेठनी मला बोलावलं, म्हणाले, "तुमचं ऐकते ती. जरा सांगून बघा." मी खाटेजवळ बसलो. "बाई, थोडं दूध घ्या," एवढंच म्हणालो. त्या हसल्या. "तुमाला तर ठाऊक आहे सगळं, डॉक्टर. तुमी तरी असं सांगू नका." मला खरंच ठाऊक होतं, आणि नेमकं तेच त्यांना ठाऊक नव्हतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. सूनबाई भांडं घेऊन आत येईपर्यंत चार-पाच मिनिटं गेली असतील. कुंकवाच्या रेघेपर्यंत वाळू पडावी, इतकी.

त्या गेल्यावर मी आणखी तीन घरांत कुत्रं-मांजर नांदवून दिली. प्रत्येक घरात, मग ते कुणाचंही असो, पहिला प्रश्न मोठ्यानं विचारला: हे आधी काय खात होतं? हाड, मटण, मासळी, सगळी नावं घेऊन. एका घरात म्हातारबुवा रागावले. रागावू दिलं.

वही अजून माझ्याकडं आहे. कांतिशेठच्या घराचं पान आहे, चौदा ओळी भरलेल्या, अंतर आणि मिनिटं सगळी बरोबर. शेवटचा अरुंद रकाना इतकी वर्षं कोरा होता. हे लिहून झाल्यावर आज सकाळी तो भरला. जागा कमी होती, तीन शब्दच बसले: मला ठाऊक होतं.